न दिसणारं ऊन आणि आपली कातडी



आपल्यापैकी ज्या बाया गटाचे पैसे भरायला बँकेत जातात, त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. पाचशेची नोट दिली की कॅशियर कधीकधी ती एका छोट्या जांभळ्या दिव्याखाली धरतो. एरवी साधा दिसणारा नोटेवरचा नंबर तिथे चकाकतो. कागदात विखुरलेले बारीक तंतू दिसायला लागतात. नोट तीच असते, फक्त उजेड बदललेला असतो.

तसाच दिवा कातडीच्या डॉक्टरांकडेही असतो. ते खोलीत अंधार करतात आणि दिवा तोंडासमोर धरतात. मग आरशात कधी न दिसलेलं बरंच काही दिसतं. आज मी तुम्हाला या उजेडाचा इतिहास सांगणार आहे. तो का सांगावासा वाटला, ते आधी सांगते.

भाताची लावणी संपल्यावर आमच्या एका गटातली ताई तोंडावर पदर ओढून बैठकीला आली. तिला गालांवर वांग होतं. घरात आणि लग्नाकार्यात त्यावरून बोलणी खावी लागायची. तिने बाजारातून एक डबी आणली. डबीवर कंपनीचा पत्ता नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. महिन्याभरात चेहरा उजळला. बाया विचारू लागल्या, "कुठून आणलीस गं?" आणखी दोघींनी तीच डबी घेतली. तिसऱ्या महिन्यात मात्र ताई उन्हात गेली की गाल चटका बसल्यासारखे लाल व्हायला लागले. बारीक लाल शिरा दिसू लागल्या, ओठांवर लव वाढली. डॉक्टरांनी विचारपूस केली आणि सांगितलं की यात स्टिरॉइड असणार, कातडी पातळ झाली आहे. ती मला म्हणाली, "ताई, वांग होतं तेच बरं होतं."

तिने काय चूक केली, हे मला सांगायचं नाही. आपल्या कातडीत ऊन काय करतं आणि आपला रंग कशासाठी असतो, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मलाही कुठे माहीत होतं? म्हणून शोधायला बसले, तेव्हा ही दोनशे वर्षांची गोष्ट हाती लागली.

जांभळ्याच्या पलीकडे

पावसाळ्यात इंद्रधनुष्य दिसतं, त्यात एका कडेला तांबडा आणि दुसऱ्या कडेला जांभळा रंग असतो. लोकांना वाटायचं की उजेड तिथेच संपतो. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. दुसऱ्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीत योहान रिटर याने जांभळ्याच्या पलीकडे शोध घेतला. त्याने चांदीचा एक क्षार लावलेला कागद घेतला. हा क्षार उजेडाने काळा पडतो. जांभळ्याच्या पलीकडच्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत कागद सगळ्यात लवकर काळा पडला. तिथे काहीतरी होतं, फक्त ते आपल्या डोळ्यांसाठी नव्हतं. त्यालाच आज आपण अतिनील किरण म्हणतो. जुन्या पुस्तकांत जंबुपार किरण असंही लिहितात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला जाणवते ती उष्णता तांबड्याच्या बाजूची. कातडीला इजा करतो तो भाग दुसऱ्या टोकाचा, आणि तो ना दिसतो ना गरम लागतो. म्हणूनच गार वाऱ्यात, किंवा पातळ ढग असताना दिवसभर काम केलं, तरी संध्याकाळी मान चुरचुरते.

हे इंग्लंडच्या एका डॉक्टरने स्वतःच्या हातांवर पाहिलं. एव्हरार्ड होम त्याचं नाव, साल १८२०. त्याने एक हात उघडा ठेवून आणि दुसऱ्यावर काळं कापड घालून दोन्ही हात उन्हात धरले. काळ्या कापडाखाली तापमान जास्त होतं, तरी तो हात भाजला नाही. उघडा हात भाजला. काळ्या वर्णाच्या माणसांच्या कातडीतला रंग उन्हापासून राखण करतो, असं त्याने त्यावरून मांडलं. गोऱ्या माणसांचं राज्य पसरत होतं आणि काळ्या रंगाला हिणवलं जात होतं, त्या काळातली ही गोष्ट. रंग ही कमतरता नाही, ते पांघरूण आहे, हे तेव्हाच दिसलं होतं.

१८८९ साली स्वीडनच्या विडमार्क या डोळ्यांच्या डॉक्टरने उरलेला प्रश्न सोडवला. त्याने विजेच्या प्रखर दिव्याचा उजेड वेगवेगळ्या गाळण्यांतून कातडीवर पाडला. अतिनील भाग अडवला की कातडी भाजत नव्हती, जाऊ दिला की भाजत होती. त्याच सुमारास जर्मनीच्या उन्ना या डॉक्टरने खलाशांच्या चेहऱ्यांची नोंद केली. सुरकुतलेल्या, जाड झालेल्या त्या कातडीत पुढे कर्करोग होतो, असं त्याने लिहिलं. फ्रान्सच्या बोर्दो भागात दुब्राय या डॉक्टरला द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या लोकांमध्ये तेच दिसलं. म्हणजे उन्हाचं नुकसान पहिल्यांदा लिहिलं गेलं ते कष्टकऱ्यांच्या तोंडावरून.

त्याच उन्हाचा उपयोगही झाला. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या नील्स फिन्सेनने कातडीच्या क्षयावर अशा किरणांनी उपचार केले. त्यासाठी त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. आजही कोडावर डॉक्टर ठरावीक अतिनील किरण मोजून देतात. मापात घेतलं तर औषध आणि बेसुमार घेतलं तर विकार, असं ऊन दोन्ही आहे.

दिवा आला

याच काळात अमेरिकेतल्या रॉबर्ट वूडने एक गडद काच बनवली. तिच्यातून दिसणारा उजेड जवळजवळ जात नाही, अतिनील मात्र जातं. १९२५ मध्ये फ्रान्सच्या दोन डॉक्टरांनी त्या काचेचा दिवा डोक्यातली बुरशी ओळखायला वापरला, कारण काही बुरशी लागलेले केस त्याखाली हिरवट चमकतात. तेव्हापासून कातडीच्या डॉक्टरांकडे 'वूड्स लॅम्प' आहे. बँकेतला दिवा त्याचाच भाऊबंद.

या दिव्याखाली काय होतं? आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते अतिनील किरण शोषून घेतं. साध्या उजेडात दोन जागांच्या रंगातला फरक कळत नाही, अतिनील उजेडात तोच फरक गडद होतो. म्हणून वरच्या थरातले वांगाचे डाग ठळक दिसतात आणि कोडाची जागा, जिथे रंगद्रव्य उरलेलं नसतं, चुन्यासारखी पांढरी चमकते. याच तत्त्वावर आता अतिनील कॅमेरेही आहेत. त्यांच्या फोटोत गोऱ्या, नितळ वाटणाऱ्या चेहऱ्यावरही ठिपकेच ठिपके दिसतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाची ती जमाखर्चाची वहीच. सनस्क्रीन लावलेली जागा त्या फोटोत काळी दिसते, कारण मलम किरण अडवतं.

एक मर्यादा सांगायला हवी. सावळ्या कातडीत मुळातच मेलॅनिन जास्त, म्हणून आपल्याकडे वांग किती खोल आहे हे या दिव्याने नेमकं कळत नाही. डॉक्टर मग डर्मोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग कातडीला लावून पाहतात. यंत्रं बरीचशी गोऱ्या कातडीवर तपासलेली असतात, हे आपण विसरू नये.

१९२८ साल, आणि आपलं खारघर

१९२८ साल या गोष्टीत दोनदा येतं. त्या वर्षी इंग्लंडच्या फिंडलेने उंदरांवर अतिनील दिवा सतत सोडून दाखवून दिलं की त्याने कातडीचा कर्करोग होतो. आणि त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना आपला शोध लागला. त्यांच्यासोबत के. एस. कृष्णन काम करत होते. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी उजेड म्हणून चक्क ऊनच वापरलं. पदार्थावर उजेड पडला की विखुरलेला बहुतेक उजेड त्याच रंगाचा असतो, पण अगदी थोडा रंग बदलून येतो. तो बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो. बदल वाचला की पदार्थात काय आहे ते कापाकापी न करता कळतं. या शोधाला १९३० चं नोबेल मिळालं. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन होतो, तो याचाच.

योगायोग पाहा. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेही २८ फेब्रुवारीलाच, साल १९४१. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. आपल्या देशातल्या विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. १९४५ मध्ये खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी चालीरीतींमुळे होणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यातला एक होता घट्ट धोतराने कमरेवर सतत घासून होणारा. खलाशांचं तोंड जसं डॉक्टरांनी वाचलं, तशी खानोलकरांनी आपल्या माणसांची कंबर वाचली. साडीचंही तेच. परकराची नाडी वर्षानुवर्षं घट्ट बांधून कमरेवर झालेल्या जखमेतून कर्करोग झाला, अशा दोन म्हाताऱ्या बायांची नोंद वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये केली. मैत्रिणींनो, नाडी सैल बांधा, तिची जागा बदलत राहा आणि काळा पडलेला वळ अधूनमधून बघा.

१९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेलं कर्करोग संशोधन केंद्र २००२ साली आपल्या पनवेल तालुक्यात खारघरला आलं. तेच 'ॲक्ट्रेक'. तिथे रामन यांचा तो उजेड आज काम करतो. डॉ. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेत गालाच्या आतल्या बाजूला बारीक काचतंतूची नळी टेकवतात, लेझर सोडतात आणि परत येणारा उजेड वाचतात. अदिती साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की तंबाखूची सवय असलेल्यांच्या तोंडातून येणारा उजेड, वरवर सगळं ठीक दिसत असतानाही, सवय नसलेल्यांपेक्षा वेगळा असतो. हे संशोधन आहे, गावोगावच्या दवाखान्यात अजून आलेलं नाही. कर्करोग आहे की नाही, ते आजही तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. पण आपण मशेरी लावणाऱ्या बाया. आपल्याला काही दिसत नाही, दुखत नाही, म्हणून काही झालेलं नाही असं समजू नये. आपल्याच तालुक्यातला हा उजेड तेच सांगतो.

आपला रंगच दिवा होतो

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. न कापता कातडीच्या आत पाहायचं, पेशी न् पेशी दिसली पाहिजे, यासाठी १९९० नंतर अमेरिकेत एक सूक्ष्मदर्शक तयार झाला. तो लेझरचा बारीक ठिपका कातडीत एका खोलीवर फिरवतो आणि तेवढ्याच थरातून परतलेला उजेड टिपतो. बाकीचा उजेड एका लहान छिद्रामुळे गाळला जातो. १९९५ मध्ये हार्वर्डशी जोडलेल्या एका प्रयोगशाळेतून यावरचा जो महत्त्वाचा लेख आला, त्यात पहिलं नाव आहे मिलिंद राजाध्यक्ष. आडनाव आपल्या ओळखीचंच. त्या लेखाचा मुख्य मुद्दा असा होता, की जिवंत कातडीत या यंत्राला सगळ्यात ठळक दिसतं ते मेलॅनिन. ते उजेड जोरात परतवतं, म्हणून रंग असलेल्या पेशी अंधारात पणत्या लावाव्यात तशा उजळ दिसतात. आज परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांत संशयास्पद तीळ आणि उन्हाने बिघडलेल्या जागा अशा यंत्राने पाहतात.

जो रंग घालवायला ताईने डबी आणली, तोच रंग तिच्या पेशींवर छत्री धरून होता. अतिनील किरण पेशीच्या आतल्या डीएनएच्या धाग्यावर घाव घालतात. पेशी तो घाव रोज दुरुस्त करत असतात. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी शोधून काढलं की काही मुलांमध्ये ही दुरुस्तीच होत नाही, म्हणून लहानपणीच त्यांना उन्हाने कर्करोग होतात. आपल्या पेशी दुरुस्ती करतात आणि मेलॅनिन घाव कमी करतं. त्यामुळेच आपल्या देशात कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा खूप कमी आहे. ज्यांच्या अंगात मेलॅनिन जन्मतःच नसतं, त्या पांढऱ्या केसांच्या, भुऱ्या मुलांना मात्र ऊन फार लवकर गाठतं. गावात त्यांना नावं ठेवतात, आणि शेतावर मात्र सगळ्यांसारखं उन्हात पाठवतात. असं मूल तुमच्या वाडीत असेल तर त्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, मोठ्या काठाची टोपी आणि सावलीतली बैठक मिळवून द्या.

मग आपण काय करायचं?

यंत्र आपल्या गावात नाही, पण एक जुनं साधन आहे, आपली सावली. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर अतिनील किरण सौम्य असतात. ती आपल्यापेक्षा बुटकी झाली की किरण तीव्र झाले असं समजा. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारी साडेबाराच्या सुमारास पनवेलमध्ये सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैची ती वेळ लावणीची आहे. ढग असतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पातळ ढगांतून किरण येतातच, आणि मिठागरात तर पांढऱ्या मिठावरून उलटेही फिरतात.

दुसरं साधन आपल्या बायांनी केव्हाच शोधलं आहे. शेतात, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला टॉवेल बांधतात. लोक हसतात. होमच्या काळ्या कापडाचा प्रयोग आठवा, आणि हसणाऱ्यांना सांगा. वांग वाढू नये म्हणूनही पहिला उपाय हाच. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग येऊ शकतं, त्यात बाईचा दोष नाही. उपचार हवा असेल तर कातडीच्या डॉक्टरांकडून घ्या. बिनलेबलाच्या डबीत स्टिरॉइड असू शकतं, पाराही असू शकतो, आणि पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो.

तिसरं साधन म्हणजे मैत्रिणीचे डोळे. महिन्याच्या बैठकीत वही झाली की पाच मिनिटं द्या. मान, कानामागे, कंबर, तळपाय एकमेकींचे बघा. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत सगळ्यात घातक तिळासारखा कर्करोग बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली येतो, तो उन्हामुळे नसतो, आणि काटा लागला असेल म्हणून दुर्लक्ष होतं. न भरणारी जखम, वाढणारा किंवा आकार बदलणारा तीळ, रक्त येणारा खडबडीत डाग दिसला तर दवाखाना. फिकट चट्टा असेल आणि तिथे कापसाचा स्पर्शही कळत नसेल, तर तो उन्हाचा नव्हे, कुष्ठरोगाचा असू शकतो. आपल्याच तालुक्यात नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचं काम कित्येक दशकं चालू आहे. तो पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आमच्या त्या ताईचं काय झालं, ते सांगून थांबते. डॉक्टरांनी डबी बंद करायला लावली. चेहऱ्याची आग होण्याचे दिवस फार कठीण गेले, पण ती टिकली. वांग थोडं परत आलं आहे. मागच्या बैठकीला ती पदर न ओढता आली होती. दुसऱ्या ज्या दोघींनी डबी घेतली होती, त्यांच्या घरी ती स्वतः गेली आणि डब्या टाकायला लावल्या. आता उन्हात निघताना ती शर्ट घालते, टॉवेल बांधते आणि सावली बघते.

तुम्हीही उद्या दुपारी तुमची सावली बघा.